मागच्या डाव्या सीटवर

“चाचणी घेताना मागच्या सीटवर कोण बसलं होतं?” मी विचारलं.

रीमरसाहेबांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, प्रश्न आवडलेला नाही. चाकणच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं उभे होतो. मी, युरोपातल्या मुख्यालयातून आलेले क्लाउस रीमर, आणि आमच्या मार्केटिंगचे सौमित्र दाते. समोर दोन लांबलचक सेडान शेजारी शेजारी लावलेल्या होत्या. मॉडेल अजून बाजारात यायचं होतं, ते रस्त्यावर कुणाला ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींच्या अंगभर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवल्या होत्या. बाहेरून जुळ्या बहिणी. आतून मात्र एकीच्या स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर चीनच्या बाजारासाठी ठरवलेले होते आणि दुसरीचे मी बसवलेले होते.

“मागे नेहमीप्रमाणे वाळूची पोती होती,” रीमर म्हणाले. “दोन माणसांच्या वजनाची.”

“आणि गुण कुणी दिले?”

“चालवणाऱ्यांनी. शिवाय सीटखाली सेन्सर होते.”

“साहेब, वाळूची पोती ओकत नाहीत,” मी म्हणाले.

दाते उगाचच खोकले. रीमरनी चष्मा पुन्हा लावला आणि मी नेमकं काय म्हणाले ते परत सांगायला लावलं, कारण हा मुद्दा त्यांच्या कुठल्याच अहवालात नव्हता.

तेव्हाची परिस्थिती सांगायला हवी. अशी मोठी, महागडी सेडान प्रत्येक देशात वेगळ्या माणसासाठी बनते. युरोपात ती घेणारा स्वतः चालवतो. त्याला स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळायला हवा असतो, म्हणून तिथली गाडी कडक. अमेरिकेत लांबच लांब सरळ रस्ते, तिथे ऐसपैस खुर्ची आणि कॉफीचा भलामोठा ग्लास ठेवायला जागा आधी बघतात. चीनमध्ये मालक मागे बसतो, म्हणून गाडी चांगली वीतभर लांब केली, मागे पाय पसरायला जागा दिली आणि सगळं कसं पलंगासारखं मऊ केलं. मग मुख्यालयाने एक सोपं गणित मांडलं. भारतातही मालक मागेच बसतो, तोही डावीकडे, तेव्हा भारताला चीनचीच गाडी द्यावी. वेगळा खटाटोप कशाला?

हे गणित ज्यांनी मांडलं ते सगळे उंटावरचे शहाणे होते असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. आपल्याकडे मालक मागे बसतो हे खरं, पण तो कुठून कुठे जातो? पुण्याहून महाबळेश्वरला, कोल्हापूरहून रत्नागिरीला, नाशिकहून मुंबईला. मध्ये घाट असतो. गावागावांत स्पीडब्रेकर असतात, आणि ते घालणाऱ्याने कधी गाडी पाहिली होती की नाही अशी शंका यावी असे असतात. युरोपातली कडक गाडी त्या स्पीडब्रेकरवर मागच्या माणसाचं कंबरडं मोडते. चीनमधली मऊ गाडी त्याला वळणावर झोके देते. मी दोन्हींच्या मधली वाट काढली होती. बारीक खड्ड्याला गाडी मऊ राहील, पण वळणावर अंग कलू लागलं की शॉक ॲब्सॉर्बर तिला आवरून धरतील. हे वाचायला एक वाक्य लागतं. करायला मला आणि माझ्या चाकणच्या माणसांना दोन पावसाळे लागले होते.

रीमर सोमवारी परत जाणार होते, आणि जाण्याआधी त्यांनी चीनच्या गाडीला होकार दिला असता की आमची स्प्रिंगा-शॉक ॲब्सॉर्बरची मांडणी भंगारात गेली असती. तेवढंच नाही, गाडी इथल्या रस्त्यांसाठी बसवण्याचं भारतातलं कामच संपलं असतं. पुढची प्रत्येक गाडी बाहेरून ठरून आली असती आणि आम्ही फक्त नट आवळत बसलो असतो. म्हणून मी हट्टाला पेटले होते.

दात्यांचं म्हणणं असं, की आपल्या गिऱ्हाइकाला सोफा हवा असतो. शोरूममध्ये मागे बसला, सीटमध्ये चार बोटं रुतला, की त्याने सही केलीच. मी विचारलं, घाट शोरूममध्ये असतो का? त्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार भावनिक होता.” पुण्यात बाईचा मुद्दा खोडता आला नाही की तिला भावनिक म्हणतात. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

रीमर मात्र प्रामाणिक माणूस होते. आयुष्यभर त्यांनी गाड्या चालवून त्यांचे गुणदोष ठरवले होते आणि हातांवर त्यांचा विश्वास होता. ते म्हणाले, की तुमची गाडी चालवायला जास्त चांगली आहे हे मला मान्य आहे. पण ही गाडी चालवणाऱ्यासाठी विकायचीच नाही. मागे बसणाऱ्याला तीच जास्त सुखाची वाटेल, याला पुरावा काय?

“ज्याला गाडी लागते असा माणूस मागे बसवा,” मी म्हणाले.

“असा माणूस कुठे मिळेल?”

“वाईला. माझी आई.”

दाते हसले. रीमर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, त्या किती संवेदनशील आहेत? मी सांगितलं, सातारा जिल्ह्यात यापेक्षा नाजूक यंत्र मिळायचं नाही.

त्यात काडीची अतिशयोक्ती नव्हती. आईला उभी असलेली गाडीसुद्धा लागायची. एसटी स्टँडवर डिझेलचा वास आला तरी ती नाकाला पदर लावायची. तिचं माहेर भिलारचं, म्हणजे वाईहून पसरणीचा घाट चढायचा, पाचगणी ओलांडायची, की पुढे भिलार. लग्न होऊन ती वऱ्हाडाच्या गाडीतून घाट उतरली ती वाटभर ओकतच. सासरी माप ओलांडायच्या आधी तिला चूळ भरायला तांब्या द्यावा लागला, हे आत्या अजून चवीने सांगते. पहिली काही वर्षं ती माहेरी पायवाटेने चढून जायची. मग गुडघे गेले आणि माहेर संपलं. भाऊबीजेला बापूमामाच खाली यायचा. पुढे त्याच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बहीणभाऊ घाटाच्या दोन टोकांना बसून फोनवर बोलत होते. लिंबू, आवळासुपारी, नाकाशी फोडलेला कांदा, डॉक्टरांच्या गोळ्या, सगळं करून झालं होतं.

त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. आई वाईतल्या गंगापुरीत शिवणक्लास चालवायची. अर्ध्या वाईच्या पोरी तिच्या हाताखाली ब्लाउज शिवायला शिकल्या होत्या आणि तिच्या तोंडाला अख्खी वाई भीत होती. मी पसरणी म्हटल्यावर फोनवर बराच वेळ नुसतं शिलाई मशीन ऐकू येत होतं.

मग तिने मला विचारलं, की मी तुझं काय वाकडं केलंय. मी सगळं समजावून सांगितलं. दोन गाड्या आहेत, परदेशातले साहेब आहेत, कुठली बरी ते फक्त तू सांगायचंस. ती म्हणाली, तिला दोन्ही वाईटच वाटणार. तिच्या लेखी गाडी हीच मुळात वाईट गोष्ट होती.

“तुझं काम अडलंय का?” शेवटी तिने विचारलं.

“अडलंय.”

“मग येते. पण सकाळच्या पारी, आन् मी पोटात काय घेणार न्हाई.”

रविवारी सकाळी आम्ही दोन्ही गाड्या घेऊन वाईला पोचलो. एक दाते चालवत होते आणि दुसरी अशफाक मुलाणी. मुलाणी आमचा टेस्ट ड्रायव्हर, मूळचा कराडचा. आपल्या गाडी चालवण्याचा त्याला इतका गर्व होता, की शेजारी बसलेल्याने वरची दांडी धरली तरी त्याला अपमान वाटायचा. गल्लीत गाड्या थांबल्या तशी पोरंबाळं जमली. आई बाहेर आली, त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तिने खालीवर निरखल्या आणि गाडीला काय नायटा झालाय का, असं विचारलं.

पाहुण्यांना तिने पोहे केले होते. रीमरनी दोन बशा संपवल्या आणि वर चहा घेतला. आईने माझ्याकडून त्यांना विचारून घेतलं, की तुम्हाला कधी गाडी लागते का. ते अभिमानाने म्हणाले, मी जन्मभर गाड्या चालवतोय, मला कधीच त्रास झाला नाही.

“चालवणाऱ्याला कशी लागंल?” आई म्हणाली. “मागं बसून बग म्हणावं.”

हे मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. मला ते सांगताना फार बरं वाटलं.

नियम रीमरनी घातले. दोन्ही गाड्या मुलाणीच चालवेल, एकाच वेगाने. अर्धा घाट एका गाडीत, मग वाटेत गाडी बदलायची. दाते दुसरी गाडी घेऊन मागून येतील. आई मागे डावीकडे, तिच्या शेजारी स्वतः रीमर. कुठली गाडी कुणाची हे आईला कळता कामा नये, आणि मी पुढे बसून तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, त्यांच्या आणि तिच्यामधला निरोप सांगण्यापुरतंच बोलायचं. पहिली कुठली न्यायची तेही त्यांनीच ठरवलं. त्यांनी चीनची निवडली.

आई पदर सावरत बसली. हातात अर्धं कापलेलं लिंबू. गाव सुटेपर्यंत तीन-चार स्पीडब्रेकर लागतात. ती मऊ गाडी त्यांच्यावरून अशी काही गेली की मागे नुसती उशी हलल्यासारखं झालं.

“बरी हाय की,” आई म्हणाली.

रीमरनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, चांगली आहे म्हणाली. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर समाधान होतं. हीच गाडी अर्धा घाट अशी गेली तर आपला खेळ खलास, हे मला स्वच्छ कळत होतं. पण घोडामैदान जवळच होतं.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर गाडी कलली आणि वळण संपल्यावरही जराशी कललेलीच राहिली. मग सावकाश उठली, आणि उठताना पलीकडे थोडी जास्तच गेली. मुलाणीने स्टिअरिंग वळवलं, थांबला, पुन्हा जरा सोडलं, पुन्हा वळवलं. पुढे बसून हे जेमतेम जाणवतं. मागे प्रत्येक दुरुस्तीला मान हलते. दुसरं वळण, तिसरं, चौथं. मी मागे वळून पाहू शकत नव्हते, पण आईचं बोलणं बंद झालं होतं. आरशात तिने पदर तोंडावर ओढून घेतलेला दिसला. रीमरनी दरवाजावरची दांडी घट्ट धरली होती. मुलाणीने ते पाहिलं आणि त्याचा जबडा ताठ झाला.

माझ्या खांद्यावर आईचा हात पडला. तिला शब्द बोलवत नव्हता. मुलाणीने गाडी कडेला घेतली.

आईला धरून मी कठड्याशी नेलं. रिकाम्या पोटाने ओकणं फार वाईट. नुसतं पाणी पडतं आणि आतडी पिळवटतात. मी तिची पाठ चोळत होते आणि मला माझाच राग येत होता. गाडीच्या भांडणात म्हाताऱ्या बाईला ओढायची काय गरज होती? नियम गेला चुलीत, हिला आता घरी न्यायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. रीमरसाहेब गाडीच्या मागे जाऊन वाकले होते. पोह्याच्या दोन्ही बशा पसरणीच्या दगडांना अर्पण झाल्या.

ते तोंड पुसत परत आले. आईने पदर बाजूला करून त्यांच्याकडे पाहिलं. हातातलं लिंबू पुढे केलं.

“घे बाबा. चोख.”

मुख्यालयातल्या चार खात्यांचा प्रमुख असलेला तो माणूस कठड्यावर बसून निमूटपणे लिंबू चोखू लागला. दाते मागच्या गाडीतून उतरून आले आणि म्हणाले, आता परीक्षेला काही अर्थ राहिला नाही. एकदा मळमळायला लागल्यावर कुठल्याही गाडीत बसलं तरी त्रास होणारच. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रीमरनी मला निरोप सांगायला लावला, की बाईंना नको असेल तर इथेच थांबू, त्यांच्यावर कुणाचीही सक्ती नाही.

मी तो निरोप सांगितला. पुढे काही बोलायची मला परवानगी नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती थांबते म्हणाली असती तर मला हायसं वाटलं असतं. आईने खाली पाहिलं. खाली वाई होती, तिचं घर होतं, मशीन होतं. मग तिने वर पाहिलं. वर वळणांखेरीज काही दिसत नव्हतं. ती बराच वेळ वरच पाहत राहिली.

“खाली गेलं तरी तेवढंच, वर गेलं तरी तेवढंच,” ती म्हणाली. “चला.”

आम्ही गाड्या बदलल्या. आई मागे टेकून बसली, पदर पुन्हा डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत. मुलाणीने माझ्या गाडीचं स्टिअरिंग हातात घेतलं.

सुरुवातीलाच उखडलेल्या डांबराचा एक तुकडा होता आणि तिथे माझी गाडी जरा वाजली. मघाची याच तुकड्यावरून नुसती तरंगत गेली असती. मी डोळे मिटले. मग वळण आलं. मुलाणीने एकदा हात वळवले आणि वळण संपेपर्यंत तसेच ठेवले. गाडी कलली ती बेताने, आणि रस्ता सरळ झाला तशी तीही सरळ झाली. पुढचं वळण. पुन्हा एकदाच हात फिरले. आता घाटातली अवघड वळणं होती, वरून मालाचे ट्रक येत होते, आणि माझे कान मागे लागले होते. आईचा श्वास ऐकू येत होता. खांद्यावर हात आता पडेल, मग पडेल, असं वाटत होतं.

हात पडला नाही. बऱ्याच वेळाने बोलणं ऐकू आलं. आई रीमरना मराठीतून काहीतरी सांगत होती. तिने पदर डोळ्यांवरून वर सरकवला होता आणि डावीकडच्या काचेतून दरीत बघत होती. ते धोमचं पाणी. तिथनं पलीकडं आमच्या आत्तीचं शेत. ही खालची पायवाट दिसती का, तिच्यावरनं मी पोर कडंवर घिऊन चढायची. ती पोर म्हणजे मी. रीमरना एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते हं हं करत होते आणि तिचं बोट जाईल तिकडे बघत होते.

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. दोन पावसाळे मी त्या गाडीच्या स्प्रिंगा बदलत होते, तेव्हा मागच्या डाव्या सीटवर माझ्या मनात कुणी उद्योगपती बसलेला नव्हता. तिथे आई बसलेली होती. प्रत्येक फेरीला मी स्वतःला एकच गोष्ट विचारायची, इथे तिने गाडी थांबवायला सांगितलं असतं का? हे मी चाकणला कुणाला सांगितलं नव्हतं. दात्यांना सांगितलं असतं तर त्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं.

घाट संपता संपता दरी पाहायला थांबायची एक मोकळी जागा आहे. रीमरनी मुलाणीला तिथे गाडी उभी करायला सांगितलं. मग ते मला म्हणाले, की आता विचारा. कुठली बरी?

मी विचारलं. आईने थोडा विचार केला.

“गाडीतलं मला काय कळतंय,” ती म्हणाली. “दोन्ही सारख्याच. पण डायवर बदललासा ते लई चांगलं केलंत. मघाचा अगदीच शिकाऊ हुता. त्याला घरी बसवा. ह्यो पोरगा चांगला हाय.”

मुलाणीची मान हळूहळू मागे वळली.

“आक्का,” तो म्हणाला, “मीच हाय की.”

आईने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मघाशी तिचे डोळे बंद होते आणि गाडी बदलली तसा माणूसही बदलला असणार, असं ती धरून चालली होती. आता ती ओशाळली आणि म्हणाली, मग मघाशी तुला काय झालं हुतं रं?

रीमर मला हलवून विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? मी सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ते कळलंच नाही. मी दुसऱ्यांदा सांगितलं, गाडीत फरक नाही म्हणते, ड्रायव्हर नवशिका होता म्हणते, तो बदलल्यामुळे बरं वाटलं म्हणते. मग त्यांनी मुलाणीला विचारलं, तू दोन्हीकडे सारखीच चालवलीस ना?

“तितं मी गाडीशी भांडत हुतो, सर,” मुलाणी म्हणाला. त्याचा आवाज अजून दुखावलेलाच होता. “हितं गाडी ऐकती. मग मागचं माणूस सुखात ऱ्हातं.”

मी तेही रीमरना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. या वेळी तो त्यांनी बराच वेळ हातातच ठेवला. आमच्या मुख्यालयात आराम बघणारी माणसं एका मजल्यावर बसतात आणि चालवणं बघणारी दुसऱ्या. चालवणाऱ्याला द्यायचं तर बसणाऱ्याचं काढून घ्यावं लागतं, आणि बसणाऱ्याला द्यायचं तर चालवणाऱ्याचं, असं धरूनच दोन्ही मजले वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आले होते. रीमर त्या भांडणात म्हातारे झाले होते. आणि एका शिवणक्लासवाल्या बाईने गाडीबद्दल चकार शब्द न काढता, मागच्याचं सुख पुढच्याच्या हातातून येतं, एवढं त्यांच्या पदरात टाकलं होतं. त्यांच्या गाडीने मुलाणीसारख्या वाघाला शिकाऊ करून ठेवलं होतं, यापेक्षा वाईट गुण त्या गाडीला कुणीही दिले नसते.

“आणि मी स्वतः ओकलो,” ते शेवटी म्हणाले. “तेही अहवालात लिहावं लागेल.”

“लिहायलाच हवं का?” मी विचारलं.

“लिहायलाच हवं. त्याशिवाय तिथे कुणी विश्वास ठेवणार नाही.” मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. “भारताला तुमची गाडी. आणि मी परत गेलो की चीनच्या लोकांनाही विचारणार आहे, की तुमच्या डोंगरात कुणी मागे बसून पाहिलंय का.”

त्यांनी खरंच विचारलं. ती मांडणी पुढे आणखी दोन देशांच्या गाड्यांत गेली, आणि मुख्यालयात आजही तिला पसरणी म्हणतात. जिभेला वळण देऊन, जमेल तसं म्हणतात, पण म्हणतात. वाळूची पोती मागच्या सीटवरून कायमची उतरली. दात्यांनी जाहिरातीत ‘मागे बसणाऱ्याची गाडी’ असं काहीतरी लिहून घेतलं आणि ती कल्पना आपलीच असल्याचं ते अजून सांगतात. सांगू देत. मी जिंकले होते, आणि जिंकल्याचा मला आजही भरपूर आनंद होतो.

पण त्या क्षणी, दरीच्या कडेला उभ्या गाडीत, मी रीमरचा हात हातात घेऊन नुसती हसत होते. मुलाणी रुसवा सोडून हसायला लागला होता. मागच्या गाडीतून उतरून दाते काचेपाशी आले होते आणि काय झालं, काय झालं, असं विचारत होते. रीमर त्यांना सांगायला लागले, मध्येच मुलाणीने काहीतरी भर घातली, आणि सगळे एकदम बोलू लागले.

आईने थोडा वेळ हे सगळं ऐकून घेतलं. मग पदर खांद्यावर नीट घेतला, पुढे वाकली आणि मुलाणीच्या सीटवर दोनदा थापटलं.

“थांबलास कशाला?” ती म्हणाली. “भिलार आजून म्होरं हाय.”